शिरस्तेदारांची भट्टी

खोली बघायला आलेल्या माणसाला घरमालक काय काय विचारतात, हे मला बदल्या करून करून पाठ झालं होतं. नोकरी कुठे, घरात माणसं किती, मच्छी शिजवणार का, पाणी जपून वापराल ना. रत्नागिरीला मात्र ज्या घरी मी खोली बघायला गेले, तिथल्या घरमालकांनी मला जिन्याच्या पहिल्याच पायरीवर थांबवलं आणि विचारलं, "तुमच्याकडे ॲल्युमिनियमची भांडी किती?"

मी सांगलीकडची. मला वाटलं, समुद्राच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम टिकत नसेल आणि बिचारे काळजीपोटी विचारत असतील. मी सांगितलं, एक कुकर आहे आणि एक दुधाचं पातेलं.

"कुकरचं झाकण नीट बसतं?"

"बसतं की."

"अरेरे," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

स्वयंपाकघरातून एका बाईंचा आवाज आला, "अगो, वर गेलीस की आधी भांडी कपाटात घाल हो. आणि कपाटाला कुलूप लाव."

त्या काकू. त्यांचं म्हणणं मला पुढच्या रविवारी कळलं, जेव्हा मी मागच्या गॅलरीत केस वाळवत उभी होते आणि खाली मागीलदारी एक हेल्मेट घातलेला माणूस आगीत कुणाचं तरी इडलीपात्र कोंबत होता.

तो माणूस म्हणजे आमचे घरमालक, काका. ते कोर्टात शिरस्तेदार होते. न्यायाधीशांच्या समोर खालच्या टेबलाशी बसायचं, सगळी कागदपत्रं सांभाळायची, जमा झालेल्या वस्तूंची नोंद ठेवायची, असं ते काम. निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस पोथी तरी वाचेल, नाहीतर कलमांना आळी तरी करील. काकांनी थोडे दिवस दोन्ही केलं म्हणे. मग जावयाने दिलेल्या मोबाइलवर त्यांना एक लालबुंद परदेशी माणूस दिसला. तो घरामागच्या हिरवळीवर थंड पेयांचे रिकामे डबे वितळवत होता आणि तो रस वाळूत ओतून दाराची मूठ बनवत होता. काकांचं इंग्रजी अर्जातलं. त्या माणसाचं बोलणं त्यांना अर्धंसुद्धा कळलं नाही. पण त्यांनी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की काकू त्या लालबुंद माणसाला 'तुमचे व्याही' म्हणायला लागल्या.

"का बघत होतो सांगू?" काका मला एकदा म्हणाले. "आयुष्यभर मी खटले सुरू होताना पाहिले. संपताना पाहिले ते फार थोडे. आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतोय. आणि इथे बघा. सकाळी भंगार, दुपारी निकाल."

मला हे तेव्हा हास्यास्पद वाटलं होतं. आता तेवढं वाटत नाही, पण तेव्हा मी तोंडावर ओढणी धरून हसले, हे खरं.

तर त्या व्याह्यांकडे जे जे होतं, त्याला काकांनी रत्नागिरीत पर्याय शोधला. भट्टी म्हणजे रंगाचा रिकामा पत्र्याचा डबा, आतून वारुळाची माती आणि राख लिंपलेला. गॅसऐवजी करवंट्यांचे कोळसे. त्यांची या गावात कधी ददात पडत नाही. हवा मारायला केस वाळवायचं यंत्र. ते लेकीने आईला वाढदिवसाला पाठवलं होतं. "माझ्या केसांना त्याची एक झुळूक लागली असेल तर शपथ," काकू सांगायच्या. धातू वितळवायला एक जाड लोखंडी नळकांडं होतं, तळाला वेल्डरकडून पत्रा मारून घेतलेलं. डोक्याला स्कूटरचं हेल्मेट, काच खाली ओढलेली. पायात गमबूट, अंगात जावयाची जुनी जीन्स आणि पुढे घोंगडीचा तुकडा सुतळीने बांधलेला. हे ध्यान केळीच्या झाडांमधून चालत आलं की शेजारचा कुत्रा भुंकायचासुद्धा नाही, निमूट घरात जायचा.

नोकरी सुटली तरी काकांची भाषा कोर्टातच राहिली होती. भंगाराला ते 'मुद्देमाल' म्हणत. त्या लोखंडी नळकांड्याला 'पिंजरा'. आत घातलेला तुकडा वितळू लागला की हेल्मेटच्या आतून घुमणारा आवाज यायचा, "आरोपी नरम आला!" ओतकाम फसलं की ते शांतपणे गमबूट काढत आणि म्हणत, "पुढची तारीख." आणि काकूंनी कितीही आरडाओरडा केला तरी उत्तर एकच, "हरकत नोंदवून घेतली."

"नुसती नोंदवून घेताहेत," काकू मला म्हणायच्या. "चाळीस वर्षं नोंदवून घेताहेत. माझं एक तरी म्हणणं मान्य केलंनीत काय?"

हे 'केलंनीत', 'आणलंनीत' माझ्या कानाला सुरुवातीला विचित्र लागायचं. नंतर मीही सांगलीला फोनवर आईला म्हणाले, "बाबांनी औषध घेतलंनीत का?" आईने विचारलं, "कोण बोलतंय?"

मुद्देमाल यायचा तो हातखंब्याहून. हायवेच्या तिठ्यावर भंगाराचं मोठं दुकान आहे, तिथल्या चाचांशी काकांचा घरोबा. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले होते, मला जुनं कपाट हवं होतं म्हणून. चाचांनी खुर्ची पुसून दिली आणि पोत्यातून एक काळा गोळा काढून समोर ठेवला. "शिरस्तेदारसाहेब, हा पिस्टन बघा. ट्रकचा आहे. तुमच्यासाठी ठेवलाय, दुसऱ्याला दाखवला पण नाय." काकांनी तो हातात घेऊन हापूस हुंगावा तसा हुंगला. माझ्या कपाटाचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

पिस्टन घरी आला आणि काकूंनी तो दारातच अडवला. "हायवेवरच्या गाडीचा ना हा? त्या गाडीत कोण गेलं असेल, कुणास ठाऊक. माझ्या घरात नको मेला." तेव्हापासून गाड्यांचे भाग गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडे, आणि भांडी, खिडक्यांच्या पट्ट्या वगैरे सज्जन माल गडग्याच्या अलीकडे, अशी विभागणी झाली. ही हरकत मात्र काकांनी मान्य केली होती. काकू ते मोजत नसत.

एवढं सगळं करून काका बनवायचे काय? खरं सांगायचं तर कुणालाही नको असलेल्या वस्तू. आंब्याच्या दिवसांत त्यांनी झाडाखाली पडलेली कैरी वाळूत दाबली, त्या खळग्यात रस ओतला आणि ॲल्युमिनियमचा हापूस काढला. मग तसे हापूस गावभर वाटले. ज्या गावात पाहुण्याला आंब्याची पेटी देताना लोक हात आखडत नाहीत, तिथे हा आंबा कोण कौतुकाने घेणार? पण काकांना नाही म्हणणं अवघड. ते वस्तू देताना आपल्या चेहऱ्याकडे फार आशेने बघत. मलाही एक मिळाला. शिवाय माझ्या खोलीच्या दाराला त्यांनी स्वतः ओतलेली मूठ बसवून दिली. ती इतकी तिरकी होती की माझ्याकडे येणारं माणूस दार उघडण्याआधी मान वाकडी करायचं.

त्यांचं सगळंच वाकडं निघायचं. कारण साधं होतं. रस गार व्हायच्या आत ते वाळू उकरून बघायचे. निकालाची एवढी घाई झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माझं आणि काकांचं भांडण व्हायचं ते कपड्यांवरून. मी पांढरे कपडे घालणारी बाई. सुट्टीच्या दिवशी धुऊन गॅलरीत वाळत घालायची, आणि खालून करवंट्यांची काजळी वर यायची. एकदा मी माझा काळे ठिपके पडलेला कुडता घेऊन तणतणत खाली गेले. काकांनी काच वर केली, कुडता उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "पुरावा सबळ आहे." मी इतकी चिडले होते की मला हसू आलं नाही. संध्याकाळी काकूंनी कुडता स्वतः धुऊन, निळीतून काढून वर आणून दिला. म्हणाल्या, "रागावू नको गो. घरात बसून माझ्या स्वयंपाकात चुका काढत असते हे, त्यापेक्षा बरं. जीव रमतो त्यांचा." मग जिन्यात थांबून म्हणाल्या, "माझाही."

त्या भट्टीला आणि नवऱ्याला शिव्या घालत घालत काकू रोज तिथे चहा नेऊन द्यायच्या आणि तो संपेपर्यंत पायरीवर बसायच्या. मी वरून बघायचे. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा.

मग पुढच्या वर्षी आषाढात डबा तळातून जळाला. काकांनी ठरवलं, आता पक्की भट्टी बांधायची. गडग्याचं काम झाल्यावर उरलेले जांभ्याचे चिरे फणसाखाली पडून होते. काकांचं डोकं त्यांवर चाललं. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, सहज तासता येतो. उन्हावाऱ्यात राहिला की कठीण होतो. हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, घरं त्याच्यावरच उभी आहेत. काकांनी त्याच्यापुढे एक पाऊल टाकलं. उन्हात एवढा कठीण होत असेल, तर आगीत किती होईल!

त्यांच्या बोलण्यात मला काहीच चूक दिसली नाही. कुणालाच दिसली नाही. चिऱ्याच्या अंगात भोकं असतात आणि आषाढात फणसाखाली पडलेला चिरा आतून पाण्याने भरलेला असतो, एवढी साधी गोष्ट कुणाच्या मनातच आली नाही.

पावसाने उघडीप दिली होती. काकांनी नव्या भट्टीत निखारे भरले, यंत्र लावलं. मी गॅलरीत कपडे काढत होते. काकू चहा घेऊन पायऱ्या उतरल्या. चिऱ्यांतून वाफ यायला लागलेली मला वरून दिसली आणि मी हाक मारणार तेवढ्यात फाडकन आवाज झाला. एक चिरा फुटला होता. काकांच्या हेल्मेटवर, घोंगडीवर खपल्या आदळल्या, त्यांना काही झालं नाही. एक तापलेला तुकडा काकूंच्या उजव्या हातावर बसला.

कपबशी खाली पडली. काकूंनी हात छातीशी धरला आणि आधी विचारलं, "तुम्हाला लागलं काय हो?"

मी त्यांना स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं. काका मागून रिक्षाने आले ते हेल्मेट आणि घोंगडीसकट. काढायचं भानच राहिलं नव्हतं. डॉक्टर पट्टी बांधत होते तेव्हा ते दाराशी तसेच उभे होते, आणि नर्सने दोनदा त्यांना "काका, तुमची गाडी बाहेर लावा," असं सांगितलं.

भाजलेलं बरं झालं. पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं आखडून राहिली. कातडी ओढली गेली होती. काकूंना पोळी लाटता यायची, भात कालवता यायचा. चिमटीत काही धरता यायचं नाही.

दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी काकांनी ती भट्टी मोडली. एकेक चिरा उचलून गडग्यापलीकडे टाकला. हेल्मेट माळ्यावर गेलं. ते पडवीत बसायला लागले, पेपर वाचायला लागले, इतर निवृत्त माणसांसारखे दिसायला लागले. काकू काही बोलल्या की "बरं," म्हणायचे. माझे कपडे स्वच्छ वाळत होते आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं.

श्रावण संपत आला तेव्हा पावसहून फोन आला. काकांचे धाकटे भाऊ तिथे असतात, आंब्या-नारळाची बाग सांभाळतात. घराण्याचा गणपती मात्र थोरल्याकडे, म्हणजे रत्नागिरीत, या घरात. गणपतीला एकवीस मोदकांचा नैवेद्य, आणि ते मोदक घरच्या हाताचे हवेत, विकतचे किंवा साच्याचे नाहीत, ही काकूंच्या सासूबाईंनी घालून दिलेली रीत. काकूंनी ती लग्न झाल्यापासून पाळली होती. त्यांच्या मोदकाच्या कळ्या बघायला शेजारणी यायच्या, हे मी स्वतः पाहिलं आहे.

धाकटे भाऊ वाईट मनाचे नव्हते. ते म्हणाले, "दादा, वहिनींच्या हाताला त्रास. उगीच ओढाताण नको. मोदक झाले तर झाले. नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून गणपती पावसला आणू. ही करील सगळं."

काकूंनी हे फोनच्या स्पीकरवर ऐकलं. नंतर त्यांनी दुपारभर दार लावून घेतलं. संध्याकाळी मला बोलावलं. परातीत उकड होती आणि ताटलीत फाटलेल्या पाऱ्या. "बघ," त्या म्हणाल्या. "कळी धरायला जात्ये आणि बोट दुसरीकडेच." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एकदा गणपती दुसऱ्या घरी गेला की परत येत नाही गो. लेक तिच्या सासरी. गणपतीला म्हणून चार माणसं येतात ह्या घरात. तोही गेला की आम्ही दोघं, आणि ही पडवी."

मी मदत करू गेले. माझ्या सांगलीच्या हाताला पुरणपोळी येते. माझा मोदक उभाच राहिना. बसला आणि फुटला. मी म्हटलं, काकू, बाजारात ॲल्युमिनियमचे साचे मिळतात, प्रत्येक दुकानाबाहेर टांगलेले असतात, कुणाला कळणार आहे? काकू म्हणाल्या, "जाऊबाई डोळे मिटून सांगतील. साच्याच्या कळ्या सगळ्या एका मापाच्या. आणि तिला नाही कळलं तरी मला कळेल ना?"

काका पडवीत पेपर धरून बसले होते. पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते गणपतीच्या शाळेत गेले. शाळा म्हणजे आमच्याकडचा कारखाना. कोकणात मूर्ती घडवायच्या जागेला शाळा म्हणतात. तिथून त्यांनी शाडूच्या मातीचा मोठा गोळा आणला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. काकूंना म्हणाले, "शिकव."

"काय शिकवू?"

"कळ्या पाडायला. मी मातीचे मोदक करतो. त्यांच्यावर साचे ओततो. बाजारातल्यासारखे नाही होणार ते. आपल्या घरचे होतील."

ओतण्याचं नाव निघाल्यावर काकूंचा चेहरा बदलला. मला वाटलं, आता काही खरं नाही. म्हणून मीच मध्ये तोंड घातलं. म्हटलं, काका, माती कशाला, सरळ उकडीलाच कळ्या पाडा की.

"उकड थांबत नाही हो," काका म्हणाले. "गार झाली की संपली. माती माझ्यासाठी थांबेल."

काकूंनी आखडलेल्या बोटाने तो गोळा दाबून पाहिला. मग पाट पुढे ओढला. "पाण्याचा हात लावा आधी. एवढा कोरडा हात घेऊन निघालेत कळ्या पाडायला."

पुढे काही दिवस मी कामावर जाताना आणि येताना तेच दृश्य. उंबऱ्याच्या अलीकडे काकू, पलीकडे काका, मध्ये मातीचे बसके, लंगडे, नाक वर केलेले मोदक. "अहो, चिमटा, गळा नका आवळू." "उजवीकडे सरकत जा." "ही कळी आहे की घडी?" काका एकदाही हरकत नोंदवून घेतली म्हणाले नाहीत. मान खाली घालून चिमटत राहिले. अखेर काकूंनी त्यातले काही निवडले. बाकीचे मोडून पुन्हा गोळा केला.

मग धातूचा प्रश्न आला. गडग्यापलीकडचा माल नैवेद्याला चालणं शक्य नव्हतं, आणि अलीकडचा सगळा संपला होता. काकूंनी स्टूल मागितलं. माळ्यावरून आधी त्यांचं स्वतःचं पातेलं निघालं, ज्यात त्यांनी लेकीसाठी दूध तापवलं होतं आणि जे त्या काकांपासून इतकी वर्षं लपवत होत्या. त्यांनी ते काकांच्या हातात दिलं. त्याच्यामागून हेल्मेट काढून दिलं. "वाळवा सगळं," एवढंच म्हणाल्या. "नीट वाळवा."

काकांनी वाळवलं. देवा, किती वाळवलं! नवा डबा, त्याची माती, वाळू, मातीचे मोदक, सगळं आधी उन्हात, मग चुलीच्या उबेला. प्रत्येक मोदक ते गालाला लावून बघत, ओल कळते म्हणून. ज्या माणसाला कधी कुठल्या निकालाची वाट बघवली नाही, तो आता रोज सकाळी उठून "आजचा दिवस राहू दे" म्हणत होता. गणपती अगदी तोंडावर आला तरी. शेवटी मलाच धीर धरवेना.

ओतायच्या दिवशी त्यांनी काकूंना आणि मला घरात घालून बाहेरून कडी लावली. आम्ही खिडकीतून पाहिलं. काम ऐकायला सोपं आहे. मातीचा मोदक वाळूत अर्धा पुरायचा, उघड्या अर्ध्यावर रस ओतायचा, आणि गार झाल्यावर मोदक अलगद सोडवून घ्यायचा. उरतो तो अर्धा साचा. मग मोदक उलटा करून दुसरा अर्धा. रस ओतताना काका नेहमी काहीतरी ओरडायचे. त्या दिवशी गप्प होते. काकू माझा हात धरून उभ्या होत्या, आणि आखडलेल्या बोटांनीसुद्धा माणूस किती घट्ट धरू शकतं, ते मला तेव्हा कळलं.

कुठेही काही उडालं नाही. साचे चिंचेने घासून, उकळून निघाले तेव्हा बघितलं, तर ते वाकडे होते. प्रत्येक वेगळ्या तऱ्हेने वाकडा. काकांचं तोंड पडलं. काकूंनी एकेक साचा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "असूं दे. हाताचे असेच होतात."

चतुर्थीला सकाळी पावसची मंडळी आली. मी आरतीला खाली गेले होते. केळीच्या पानावर एकवीस मोदक मांडलेले, वाफाळलेले. शेजारी मांडलेले कुठलेही दोन मोदक सारखे नव्हते. एकाची मान कललेली, दुसऱ्याच्या कळ्या एकीकडे दाट आणि एकीकडे विरळ. जाऊबाई वाकून बघत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर आनंद आला. "वहिनी, हात बरा झाला की हो तुमचा!"

आता नुसतं हसायचं आणि ताट पुढे करायचं, एवढंच काकूंना उरलं होतं. गणपती घरात राहणार होता. मी मनातल्या मनात म्हटलंसुद्धा, काकू, गप्प बसा.

"नाही झाला," काकू म्हणाल्या. "ह्या माझ्या कळ्या नव्हेत. ह्यांच्या आहेत."

त्या आत गेल्या आणि सगळे साचे परातीत घालून घेऊन आल्या. मातीपासून पातेल्यापर्यंत सगळं सांगितलंनीत. काका देवघराच्या दाराला टेकून उभे होते, पायांकडे बघत. जाऊबाई म्हणाल्या, "पण साच्याचे म्हणजे... सासूबाई..." आणि नवऱ्याकडे बघून थांबल्या.

"सासूबाई म्हणाल्या होत्या, घरच्या हाताचे," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. नवऱ्याच्या विरुद्ध चढलेला तो मी रोज ऐकत होते, नवऱ्याच्या बाजूने पहिल्यांदाच ऐकला. "बाईच्या हाताचे म्हणाल्या नव्हत्या. हे काय परके आहेत? त्यांच्या बोटांनी चिमटलेली कळी आहे ती. आणायचे असते तर बाजारातून साचे मलाही मिळाले असते."

धाकट्या भावांनी पानावरच्या एका मोदकाकडे बोट केलं. तो सगळ्यांत वाईट होता. एका बाजूच्या कळ्या एकमेकींत मिसळलेल्या, टोक मोडल्यासारखं.

"हा असा का, वहिनी?"

"तो मीच निवडला," काकू म्हणाल्या. "तो करताना माझ्या हाताकडे लक्ष गेलं, आणि ह्यांना रडू आलं. कळ्या एकमेकींत गेल्या. मोडायला निघाले होते, मी म्हटलं, नको, हाही ओता."

जाऊबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मीही दुसरीकडे बघायला लागले, कारण माझ्याकडे पदर नव्हता.

धाकट्या भावांनी खाली बसून केळीचं पान दोन्ही हातांनी उचललं आणि गणपतीपुढे सरकवलं. मग थोरल्या भावाकडे वळले.

"दादा," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी आम्ही चार दिवस आधीच येतो इथे. मलाही माती दे. माझाही हात घरचाच आहे."